मासे गरवणारे वाढले, मग त्यांची दुकानं का आटली?

दोन-तीन डॉलरचं गळांचं एक पाकीट घ्यायला गेल्या मे महिन्यात मी इथं अमेरिकेत चाळीस मैल गाडी हाकली. दारातच पेंढा भरलेलं, दोन पायांवर उभं असलेलं अस्वल. आत खोटा डोंगर, त्यावरून पडणारं खरं पाणी, कड्यावर पेंढा भरलेल्या रानमेंढ्या, पायथ्याशी काचेच्या टाकीत फिरणारे बास आणि कॅटफिश. एका कोपऱ्यातून गरम फजचा, म्हणजे मऊ गोड वडीचा, वास येत होता. मग जॅकेटं, बूट, घडीच्या खुर्च्या, हरणाचं चित्र असलेल्या उश्या. हे सगळं ओलांडून मासेमारीच्या रांगेत पोचलो, तर 3/0 मापाच्या ज्या गळासाठी आलो होतो त्याची खुंटी रिकामी. शेजारच्या दोन खुंट्याही रिकाम्या. कामावरचा पोरगा भला होता. म्हणाला, "ऑनलाइन बघा, तिथं असेल."

रत्नागिरीला माझा मामा खाडीवर गरवायला जायचा, तेव्हा त्याला लागणारं सामान बाजारातल्या एका किराणा दुकानात मिळायचं. तंगूस म्हणजे गरवायचा दोरा, शिसं आणि चार मापांचे गळ, सगळं एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मावलेलं. त्या डब्यातले गळ संपलेत असं कधी ऐकलं नाही. पावणेदोन-दोन एकरांच्या दुकानात ते संपतात, हे काय गौडबंगाल आहे ते समजून घ्यावं म्हणून हा लेख.

पहिला अंदाज असा येतो की लोकांचा शौकच कमी झाला असेल. मोबाइल आले, पोरं घराबाहेर पडत नाहीत, वगैरे. पण आकडे उलटे आहेत. कोविडच्या वर्षी, 2020 मध्ये, अमेरिकेत 5 कोटी 47 लाख लोकांनी निदान एकदा तरी पाण्यात गळ टाकला. 2023 साली हाच आकडा 5 कोटी 77 लाखांवर गेला. गिऱ्हाईक वाढलं. आणि गेल्या दहा वर्षांतच खेळ-शिकार-मासेमारीचं सामान विकणाऱ्या मोठ्या साखळ्यांपैकी गँडर माउंटन दिवाळखोरीत गेलं, कबेलाज विकलं गेलं, स्पोर्ट्स ऑथॉरिटीची सगळी दुकानं बंद झाली.

मला जे समजलं ते असं, की या अवाढव्य दुकानांचं भाडं गळ विकून कधी निघतच नव्हतं. मासेमारी दर्शनी ओटीवर मांडलेली होती. चूल पेटायची ती दुसऱ्याच सरपणावर. ते सरपण कमी पडायला लागलं तेव्हा ओटी आवरायला घेतली गेली. हे नीट कळायला थोडं मागं जावं लागेल.

नेब्रास्का राज्यात चॅपेल नावाचं छोटं गाव आहे. तिथं डिक कबेला यांच्या घरचं फर्निचरचं दुकान. 1961 साली शिकागोला फर्निचरच्या प्रदर्शनाला गेले असताना त्यांनी 45 डॉलरच्या 'माश्या' विकत घेतल्या. माशी म्हणजे बारीक गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेला नकली किडा. ट्राउट मासा त्याला खरा समजून तोंडात घेतो. परत आल्यावर त्यांनी वायोमिंगमधल्या कॅस्परच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली: एक डॉलरला डझनभर माश्या. उत्तर आलं एक. मग त्यांनी जाहिरात बदलली आणि देशभर जाणाऱ्या मासिकात दिली: पाच माश्या फुकट, टपाल-हाताळणीचे 25 सेंट तेवढे पाठवा. हिशेब केला तर आधीची माशी सव्वाआठ सेंटांना पडत होती, ही पाच सेंटांना. भाव उतरला खरा, पण 'फुकट' या शब्दानं जे केलं ते तीन सेंटांच्या सवलतीनं झालं नसतं. पाकिटांची रीघ लागली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर डिक आणि त्यांच्या पत्नी मेरी माल बांधायच्या कामाला बसायचे. प्रत्येक पार्सलात आपल्याकडच्या इतर मालाची चक्रमुद्रित यादी घालायची. आणि ज्या कार्डांवर पाककृती लिहून ठेवतात त्या कार्डांवर मेरी गिऱ्हाइकांची नावं-पत्ते उतरवून ठेवायच्या. 1963 साली भाऊ जिम धंद्यात आले, 1969 साली मुक्काम जवळच्या सिडनी गावात हलला. ऑस्ट्रेलियातलं नव्हे, नेब्रास्कातलं सिडनी, वस्ती जेमतेम सहा-सात हजार. दुकान नाही, भाडं नाही, घरबसल्या मागणी, गिऱ्हाइकाच्या नावाची नोंद. ॲमेझॉनच म्हणा, तीस-पस्तीस वर्षं आधीचं.

जाता जाता: या माश्यांच्या जगाचा एक धागा आपल्या सह्याद्रीत येतो. सॅमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या जुन्या विलायती माश्यांना 'डोळा' म्हणून जे लाखेचा थेंब सुकल्यासारखं चकाकणारं पीस लावतात, ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं असतं. पहाटे घाटात जो आरवताना ऐकू येतो, तोच. साहेबाच्या राज्यात ही पिसं जहाजानं जायची. भारतातून त्यांची निर्यात बंद होऊन काही दशकं लोटली. आता तिकडचे शौकीन पाळलेल्या पक्ष्यांच्या पिसांवर भागवतात.

दुसरं मोठं नाव बास प्रो शॉप्स. 1972 साली मिझुरीतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये जॉनी मॉरिस यांनी वडिलांच्या दारूच्या दुकानात मागच्या बाजूला आठ चौरस फूट जागेत मासेमारीचं सामान मांडलं. आठ चौरस फूट म्हणजे आपल्याकडची पानपट्टी. दोन वर्षांत तेही कॅटलॉग छापायला लागले. 1978 साली त्यांनी होडी, इंजिन आणि ओढून न्यायची ट्रॉली एकाच किमतीत द्यायला सुरुवात केली, आणि खरा पैसा तिथं दिसला. गळ विकणाऱ्या माणसाला होडी विकायची वाट सापडली, ही गोष्ट पुढं महत्त्वाची ठरते.

आता प्रश्न असा, की टपालावर मजेत चाललेल्या कंपन्यांना डोंगर-धबधब्यांची दुकानं बांधायची हौस कुठून आली?

कबेलाजनं 1991 साली सिडनीत महामार्गाला लागून भलं मोठं दुकान काढलं आणि लोक शेकडो मैलांवरून, पोराबाळांसकट, जत्रेला यावं तसे यायला लागले. हे पाहून इतर गावांच्या तोंडाला पाणी सुटलं. 'आमच्याकडे काढा' म्हणून नगरपालिका मागं लागल्या आणि इथं एक युक्ती जन्माला आली. नगरपालिका कर्जरोखे काढून पैसा उभा करणार. त्यातून जमीन, रस्ते, कधी इमारतसुद्धा. कर्ज फिटणार कशातून? त्याच दुकानात गोळा होणाऱ्या विक्रीकरातून. म्हणजे गिऱ्हाईक जो कर सरकारला देतोय असं समजतो, त्यातला वाटा दुकानाच्याच बांधकामात जातो. कॅन्सस सिटीत, अजून कितीतरी ठिकाणी, असे सौदे झाले. 2003 साली पेनसिल्व्हेनियातल्या हॅम्बर्गला कबेलाजनं अडीच लाख चौरस फुटांचं दुकान उघडलं, पावणेसहा एकर. बास प्रोनं तर मेम्फिसमध्ये रिकामा पडलेला, 32 मजली उंचीचा पिरॅमिड भाड्यानं घेतला. तिथं आधी बास्केटबॉल चालायचा. 2015 साली त्यात दुकान उघडलं, आत दलदल, मगरी आणि हॉटेलसुद्धा.

मला हे सौदे पहिल्यापासून पटत नाहीत. गावात येणारा सगळा पैसा नवा नसतो. बराचसा शेजारच्या तालुक्यातल्या छोट्या दुकानदाराच्या गल्ल्यातूनच वळलेला असतो. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की जमीन आणि बांधकाम स्वस्तात पडतंय म्हटल्यावर दुकानं गरजेपेक्षा मोठी झाली. आणि मोठ्या दुकानाचं वीजबिल, नोकरांचे पगार, मगरीचं खाणं हे दर महिन्याला द्यावंच लागतं.

आता त्या रिकाम्या खुंटीकडे परत येऊ.

बास माशासाठी मऊ प्लास्टिकची अळी वापरतात. सेंको नावाचा त्यातला एक प्रकार, बॉलपेनाएवढा, दिसायला अगदीच सामान्य. पण रंग किती! हिरवट भोपळ्याचा, काळा-निळा, कलिंगडी, त्यात लाल चमकी असलेला, नसलेला. समजा वीस रंग आणि तीन लांब्या धरल्या, तर एका आमिषाला साठ खुंट्या झाल्या. मग त्याला लागणारे गळ, त्यांची सहा-सात मापं. शिशाची वजनं, दोऱ्याच्या जाड्या. यातले चार-पाच रंग भराभर खपतात. 'ग्रीन पंपकिन' म्हणतात तो हिरवट रंग तर कायम संपलेलाच. उरलेले पंधराएक रंग वर्षभर धूळ खातात. पण ते ठेवले नाहीत तर गरवणारा म्हणतो, "इथं काही मिळत नाही," आणि परत येत नाही. कारण गरवणारा माणूस हट्टी असतो. काल ज्या रंगावर मासा लागला तोच त्याला आज हवा. दुसऱ्या रंगावरही लागेल हे त्याला पटवून दाखवा!

म्हणजे हा माल स्वस्त, बारीक आणि प्रकारांनी अफाट. शिवाय लागतो तो तातडीनं, आणि तोही हंगामात. एका पाकिटावर टक्केवारीत नफा चांगला सुटतो, पण पाच डॉलरच्या पाकिटावर सुटून सुटून किती सुटणार? ते पाकीट मागवायला, मोजायला, खुंटीवर लावायला लागणारी माणसाची मेहनत मात्र दोनशे डॉलरच्या जॅकेटाइतकीच. त्याच जागेवर जॅकेटं टांगली तर? कुठलाही हिशेबनीस हाच प्रश्न विचारेल, आणि त्यांनी तो विचारला.

तर चूल पेटायची ती अशी. एक, कपडे आणि बूट, ज्यांवर नफा दणकट. दोन, बंदुका आणि काडतुसं. बंदुकीवर सुटणारा नफा बारीक, पण ती माणसाला दारात आणते आणि उलाढाल फुगवते. तिची मागणी मात्र राजकारणावर हलते. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, कायदे कडक होतील अशी भीती पसरली आणि लोकांनी दुकानं रिकामी केली. 2016 च्या निवडणुकीत ट्रम्प आल्यावर ती भीती ओसरली, तशी मागणीही पडली. अशा लाटांवर कुणी पक्का खर्च बेतला तर काय होणार! आणि तीन, क्रेडिट कार्ड. कबेलाजची स्वतःची बँक होती, नाव वर्ल्ड्स फोरमोस्ट बँक, म्हणजे 'जगातली सर्वांत अग्रगण्य'. नाव ऐकून हसू येतं, पण कंपनीच्या नफ्यातला मोठा वाटा ती बँक कमवत होती. गिऱ्हाईक कबेलाजच्या कार्डावर किराणा भरायचा, पेट्रोल भरायचा, साठलेल्या गुणांवर रॉड, म्हणजे गळाची काठी, घ्यायचा. मासेमारीचं दुकान म्हणून ज्याकडे लोक बघत होते ते बऱ्याच अंशी एक सावकारी पेढी होती, दारात अस्वल उभं केलेली.

2004 साली कबेलाजचे शेअर बाजारात आले. बाजारात आलेल्या कंपनीला दरवर्षी वाढून दाखवावं लागतं, म्हणून दुकानं वाढवत नेली. 2015 पर्यंत ऐंशीच्या आसपास. त्याच वर्षी ऑक्टोबरात इलियट मॅनेजमेंट या गुंतवणूक फंडानं कंपनीचा अकरा टक्क्यांहून जास्त हिस्सा घेतल्याचं जाहीर केलं. असे फंड कंपनी चालवायला येत नाहीत. शेअरचा भाव वर न्या, त्यासाठी गरज पडली तर कंपनी विका, असा त्यांचा रेटा असतो. वर्षभरात, ऑक्टोबर 2016 मध्ये, बास प्रोनं साडेपाच अब्ज डॉलरला कबेलाज घ्यायचं ठरलं. बँकेचं काय करायचं यावर परवानग्या अडकल्या, विक्री घसरत राहिली, किंमत पाच अब्जांवर आली आणि सप्टेंबर 2017 मध्ये सौदा पुरा झाला.

सिडनीत सुमारे दोन हजार लोक कबेलाजच्या मुख्य कचेरीत आणि गोदामात कामाला होते. सहा-सात हजारांच्या गावात दोन हजार. मुंबईच्या गिरण्या ज्यांनी बंद होताना पाहिल्या त्यांना पुढचं सांगायला नको. फरक एवढाच की इथं कंपनी बुडाली नव्हती, तोट्यातही नव्हती. दोन कंपन्या एक झाल्या की हिशेबखातं एकच पुरतं, खरेदीखातं एकच पुरतं. आणि ते स्प्रिंगफिल्डला होतंच. घरं विक्रीला निघाली, घ्यायला कुणी नाही.

बाकीच्यांच्या कहाण्या थोडक्यात. गँडर माउंटन, 1960 साली विस्कॉन्सिनमध्ये सुरू झालेलं, हेही मूळचं कॅटलॉगवालंच. 1996 साली एकदा दिवाळखोरीत गेलं तेव्हा त्याचा टपालधंदा कबेलाजनं घेतला होता. उरलेल्या दुकानांनी पुन्हा वाढ केली, दीडशेच्या वर गेली, आणि मार्च 2017 मध्ये दुसरी दिवाळखोरी. फिरती घरं विकणाऱ्या कॅम्पिंग वर्ल्डनं नाव आणि काही दुकानं घेतली. पुढं त्यातली बरीच बंद पडली. स्पोर्ट्स ऑथॉरिटीवर एक अब्ज डॉलरच्या वर कर्ज होतं. ती 2016 साली गेली, आणि जाताना काढलेल्या मोडीच्या भावातल्या सेलनं जगलेल्यांचाही धंदा मारला.

डिक्स स्पोर्टिंग गुड्सची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते. 1948 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये अठरा वर्षांच्या डिक स्टॅकला आजीनं बिस्किटांच्या बरणीत साठवलेले 300 डॉलर काढून दिले. आपल्या आज्या डाळीच्या डब्यात ठेवायच्या, तसेच. त्यातून निघालं आमिष आणि गळ विकणारं दुकान. आज ती अवाढव्य साखळी आहे आणि उत्तम चालते. पण बूट, जर्सी आणि लेगिंग्जवर. शिकारी-गरव्यांसाठी 2013 मध्ये वेगळी दुकानं काढून पाहिली, मग तीही आवरती घेतली. गळापासून सुरू झालेल्या दुकानाला जगण्यासाठी गळच मागं ठेवावा लागला.

"आणि इंटरनेट?" असं तुम्ही विचारणारच. हो, पण सरधोपट 'ऑनलाइननं मारलं' म्हणण्यात अर्धीच गोष्ट येते. 1992 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं क्विल खटल्यात निकाल दिला होता, की ज्या राज्यात तुमचं दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, तिथल्या गिऱ्हाइकाकडून विक्रीकर गोळा करायचं बंधन तुमच्यावर नाही. टपालवाल्यांना हे वरदानच. पण कबेलाजनं एखाद्या राज्यात दुकान उघडलं, की त्या राज्यातल्या घरबसल्या मागणीवरही कर लावणं आलं. तोच रॉड कॅलिफोर्नियातल्या गोदामातून पाठवणाऱ्याकडे दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला करमुक्त. दोनशे डॉलरच्या रॉडवर बारा-चौदा डॉलरचा फरक कोण सोडेल? लोक दुकानात येऊन रॉड हलवून बघायचे, रील (दोरा गुंडाळायची चकरी) फिरवून बघायचे, आणि गाडीत बसून फोनवरून दुसरीकडे मागवायचे. ही सूट संपली 2018 साली, वेफेअर खटल्यात. तोवर सवय हाडीमाशी खिळली होती. शिवाय साठ खुंट्यांचं जे ओझं दुकानाला झेपत नाही ते गोदामाला झेपतं: एकाच ठिकाणी साठी प्रकार ठेवा आणि देशभर पाठवा. न खपणारा रंगही अख्ख्या देशात कुणाला ना कुणाला हवाच असतो.

यात एक कमी बोलली जाणारी गोम आहे. अमेरिकेत मासेमारीच्या बहुतेक सामानावर दहा टक्के अबकारी कर आहे. तो कारखानदार किंवा आयातदार भरतो, आणि 1950 च्या कायद्यानुसार तो पैसा माशांचं बीज सोडणं, तळी राखणं, काठावर धक्के बांधणं यासाठी राज्यांना वाटला जातो. म्हणजे गळ घेणारा आपल्याच तळ्याची वर्गणी भरतो. पण परदेशी संकेतस्थळावरून थेट घरी मागवलेल्या दोन डॉलरच्या आमिषावर हा कर कुणी भरायचा? कागदोपत्री आयातदार तुम्हीच. कोण भरतोय!

बास प्रो अजून भक्कम उभं आहे हे सांगायला हवं. डिसेंबर 2020 मध्ये त्यांनी स्पोर्ट्समन्स वेअरहाऊस ही साखळीही 78 कोटी 50 लाख डॉलरला घ्यायचं ठरवलं होतं. स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगाकडून मंजुरी मिळायची चिन्हं दिसेनात तेव्हा वर्षभरानं ते सोडून दिलं. आणि माश्यांच्या मासेमारीतल्या सर्वांत जुन्या नावांपैकी एक, 1856 साली व्हरमाँटमध्ये सुरू झालेलं ऑर्व्हिस, त्यांनी आधी छापील कॅटलॉग थांबवला आणि 2025 च्या ऑक्टोबरात तीसहून अधिक दुकानं बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मी त्या दिवशी रिकाम्या हातानं परत निघालो. फज घेतला, खोटं कशाला बोलू. तळ्याच्या अलीकडे एक पेट्रोलपंप आहे. त्याच्या बाजूच्या खोलीत एक म्हातारबा आमिष विकतात. फ्रिजमध्ये वर गांडुळांचे डबे, खाली त्यांचं स्वतःचं जेवण. टाकीत बोटभर लांबीचे जिवंत मासे, डझनाच्या हिशेबानं. जिवंत मासा टपालानं सहसा कुणी मागवत नाही, त्यामुळे त्यांचा धंदा तगून आहे. मागच्या भिंतीवर गळांची दहा-बारा पाकिटं टांगलेली होती. 3/0 नव्हता, 2/0 होता.

"बासच्या मागं कशाला लागतोस," म्हातारबा म्हणाले. "पुलाखाली क्रॅपी मासे लागतायत कालपासून. सावलीच्या बाजूनं टाक."

मी 2/0 चं पाकीट आणि डझनभर मासे घेतले आणि पुलाकडे गेलो. ऑनलाइन मागवलेले गळ तिसऱ्या दिवशी आले.